न अडखळता

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर असेल तर असेल, अध्यापक विद्यालयात त्यांना सगळे ठेचबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की ठेचबाई. आणि त्यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. एकदा कुणीतरी फळ्यावर ‘ठेचबाई येत आहेत, सावध’ असं लिहून ठेवलं होतं. बाई आत आल्या, वाचलं, खडू उचलला, ‘येत आहेत’ खोडून तिथे ‘आल्या’ असं लिहिलं आणि म्हणाल्या, "आता खरं झालं. चला, कागद काढा."

शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींना लिहायला शिकवायचं, हे त्यांचं काम. लिहायला म्हणजे अक्षर गिरवायला नव्हे. ते तर सगळ्यांना येतंच. दुसऱ्याला कळेल असं लिहायला. दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली त्यांची. बाकं काढून तिथे एक लांबलचक टेबल टाकलेलं, भोवती सगळे बसायचे. एक खिडकी नीट लागायची नाही म्हणून तिच्या फटीत पुठ्ठ्याची घडी कोंबलेली असायची. खाली कँटीन होतं, त्यामुळे कपबश्यांचा आवाज तासभर चालू. आठवड्यातून एकदा तो तास. वेळापत्रकात त्याला भलंमोठं नाव होतं, मुलं मात्र ‘ठेचेचा तास’ म्हणायची.

रीत अशी, की आपण लिहिलेलं आपण वाचायचं नाही. शेजाऱ्याला द्यायचं. शेजाऱ्याने कागद हातात पडल्या पडल्या मोठ्याने वाचायचं, आधी नजर टाकायची सोय नाही. तो जिथे अडखळेल, तिथे लिहिणाऱ्याने पेन्सिलीने खूण करायची आणि घरी जाऊन तेवढं वाक्य पुन्हा लिहायचं. वाचणाऱ्याला दोष नाही. बाई वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकायच्या, "वाचणारा अडखळला तर चूक लिहिणाऱ्याची. सबबी मला सांगायच्या नाहीत."

मग मजा यायची. कुणीतरी लिहिलेलं असायचं, ‘सदर उपक्रमाच्या यशस्वी आयोजनाच्या माध्यमातून विद्यार्थ्यांमध्ये स्वच्छतेविषयक जाणीव निर्माण करण्याचा प्रयत्न करण्यात आला.’ वाचणाऱ्याला मध्येच धाप लागायची.

बाई लिहिणाऱ्याकडे वळायच्या. "म्हणजे नक्की काय केलं?"

"वर्ग झाडला, बाई."

"कुणी?"

"मुलांनी."

"मग तुझ्या वाक्यात मुलं कुठे आहेत? कचऱ्याबरोबर गेली की काय?"

टेबलाभोवती हशा पिकायचा, आणि लिहिणारा कान पकडून ‘मुलांनी वर्ग झाडला’ असं लिहायचा. एवढ्यासाठी वर्षभर डोकेफोड. पण बाईंना त्यात खरंच गोडी होती. उद्या ही पोरं वर्गावर उभी राहणार, त्यांच्या हाताखालून शेकडो मुलं जाणार, ती तरी सरळ बोलतील, सरळ लिहितील, असा त्यांचा हिशोब. लग्न केलं नव्हतं, घरी एक थोरला भाऊ. जे काही होतं ते या तासातच होतं, आणि हे त्या लपवायच्याही नाहीत.

ही रीत त्यांना वडिलांकडून मिळाली. वडिलांची दृष्टी लवकर गेली, मग लहानपणी रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम या धाकट्या लेकीकडे. ती अडखळली की रडकुंडीला यायची. वडील म्हणायचे, "तू का रडतेस? लिहिणाऱ्यालाच कळलं नसेल त्याला काय म्हणायचंय. पुढे चल." ही गोष्ट दादा, म्हणजे थोरला भाऊ, आलागेला कुणीही असो, सांगायचाच. दादा तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेला, कानाने थोडा अधू, स्वभावाने खट्याळ. बहिणीला तो मास्तरीण म्हणायचा. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाई कागद तपासायला बसल्या की समोर बसून म्हणायचा, "काय गं मास्तरीण, आज किती जणांना पाडलंस?"

त्या वर्षीच्या वर्गात एक काकू होत्या. बाकी सगळी विशीतली पोरं आणि ह्या चाळिशी ओलांडलेल्या. नवरा बस चालवायचा. एका दुपारी सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला तो बसलाच. पुढे मुलगी नोकरीला लागली, आणि तिने आईला धक्के मारून मारून इथे पाठवलं. काकू सगळ्यांच्या आधी यायच्या, सगळ्यांचे कागद गोळा करायच्या, कुणाचं पेन चालत नसेल तर आपलं द्यायच्या. लिहायच्या मात्र अर्जासारखं. विषय ‘माझी सकाळ’ असला तरी सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी. बाईंनी हात टेकले होते.

"काकू, तुम्ही घरी मुलीशी असंच बोलता का?"

"छे, ती हसेल की मला."

"मग मी काय पाप केलंय?"

काकू हसायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘उपरोक्त’.

आणि मग वर्ष संपत आलं असताना, तास सुटल्यावर, काकूंनी एक कागद बाईंच्या हातात ठेवला. "हा माझा. विषय तुम्ही दिलेलाच आहे, घरातली एखादी वस्तू. पण वर्गात नका वाचू, आधी तुम्ही बघा." असं म्हणून भराभर जिना उतरून गेल्या.

बाईंनी तो घरी आणला. सवयीप्रमाणे न बघता, दादाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागल्या. ‘त्या दिवशी त्यांना दुपारची पाळी होती. निघताना म्हणाले, दुसऱ्या शर्टाचं बटण सैल झालंय, तेवढं लावून ठेव, उद्या लागेल. मी लावलं.’

आणि बाई अडखळल्या. उभा जन्म दुसऱ्यांची वाक्यं वाचण्यात गेलेल्या बाई, त्यांना त्या दोन शब्दांपुढे जाता येईना. वाक्यात चूक म्हणाल तर कसलीच नव्हती. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच थांबल्या.

"पुढे?" दादाने विचारलं.

"पुढे थोडंच आहे. मग फोन आला. शर्ट अजून खुंटीवर आहे. बटण घट्ट आहे."

दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ही तुझी ती उपरोक्तवाली?"

"तीच."

बाईंना त्या संध्याकाळी इतका आनंद झाला की जेवण जाईना. अडखळणं दोन तऱ्हांचं असतं. एक वाक्य धड नसतं म्हणून, आणि एक वाक्य इतकं धड असतं की घसा पुढे जाऊ देत नाही. ही दुसरी तऱ्हा त्यांनी वर्गाला कधीच सांगितली नव्हती. सांगायची कशी? तोंडाने सांगितली तर पोरं मुद्दाम रडवायला बसतील. ती घडावी लागते. त्यांना वाटलं, आता घडेल. काकूंचा कागद कुणीतरी वाचेल, तिथे थांबेल, सगळं टेबल थांबेल, आणि मग त्या म्हणतील, हे वाक्य बदलायचं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हते. वरून जे येईल ते खाली ढकलायचं, एवढंच त्यांना येत होतं.

"बाई, तुमच्या तासावर गंडांतर आहे," ते म्हणाले. "वरून नेमलेल्या समितीचं म्हणणं, या तासाचा निकाल कशात दिसतो ते दाखवा. परीक्षा नाही, पेपर नाही. पोरं एकमेकांचं वाचतात आणि हसतात, असं कुणीतरी कळवलंय."

"हसतात हे खरं आहे."

"हे तेवढं समितीसमोर बोलू नका. ते येऊन एक तास बघणार आहेत. आवडला तर राहील, नाहीतर ती वेळ परीक्षेच्या सरावाला जाईल. माझ्या हातात काही नाही."

बाई जिना चढून वर आल्या. वर्गात त्या कधी आपल्या चिंता बोलून दाखवत नसत, पण त्या दिवशी बोलून गेल्या. म्हणाल्या, समिती येतेय, तास राहणार की जाणार ते त्या दिवशी ठरेल. आपण नेहमीसारखाच तास करू. काकू, तुमचा कागद त्या दिवशी वाचायचा, चालेल ना? काकूंनी मान खाली घालून हो म्हटलं. कागद त्यांना परत देताना बाई एवढंच म्हणाल्या, "याला हात लावू नका." शेजारी मॉनिटर बसायची, तेव्हा वाचायची पाळी तिची.

ही मॉनिटर म्हणजे वर्गाची कर्तीसवरती. वर्गणी ती जमवायची, भांडणं ती मिटवायची, प्राचार्यांकडे सगळ्यांच्या वतीने तीच जायची. बाईंवर तिचा जीव होता. सगळ्यांचाच होता, पण तिचा जास्त. बाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं तिने पहिल्यांदाच बघितलं, आणि तिला ते सहन झालं नाही.

पुढचे काही दिवस दुपारी सगळा वर्ग कँटीनच्या कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर डोकी एकत्र करून बसलेला दिसायचा. बाई जवळून गेल्या की कागद मांडीवर जायचे आणि सगळे एकदम चहा प्यायला लागायचे. बाईंना वाटलं, निरोपाची भेटबिट आणायचा घाट असेल. त्यांनी मनातल्या मनात रागावून घेतलं आणि बरंही वाटून घेतलं.

समिती आली. एक अध्यक्षबाई आणि दोन गृहस्थ, तिघांच्याही हातात एकसारख्या फायली. टेबलाच्या टोकाला खुर्च्या टाकल्या. प्राचार्य दाराशी उभे. बाईंनी रीत समजावून सांगितली, मग पहिल्या जोडीला म्हणाल्या, "द्या कागद. वाच."

पहिल्या मुलाने वाचलं. कुठेही न थांबता, आवाजात चढउतार देऊन, अगदी आकाशवाणीवर वाचावं तसं. बाईंना नवल वाटलं. दुसऱ्याने वाचलं, तोही तसाच. तिसरी तर कागदाकडे बघतही नव्हती. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. पोरांनी एकमेकांचे कागद पाठ केले होते. ज्या तासात अडखळण्याची मुभा होती, तिथे अडखळायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, कारण अडखळणं म्हणजे चूक, आणि चुका दिसल्या तर बाईंचा तास जाईल. यापलीकडचं त्यांना सांगितलं होतं कुणी?

मग मॉनिटरने काकूंचा कागद घेतला. कागद नवा होता, अक्षर काकूंचं नव्हतं.

"माझे पती बसचालक होते," मॉनिटरने सुरू केलं. "कष्ट हाच त्यांचा श्वास होता आणि कुटुंब हेच त्यांचं विश्व. परंतु नियतीच्या मनात काही वेगळंच होतं. त्या दुर्दैवी दिवशी क्रूर काळाने माझ्या सुखी संसारावर घाला घातला आणि आशेचा दीप कायमचा मालवला. आज त्यांचा शर्ट पाहताना स्मृतींचा पट डोळ्यांसमोर उलगडतो."

बटण कुठेच नव्हतं.

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू टेबलावरची एक चीर नखाने कोरत होत्या. एक शब्द पुरला असता. थांब, म्हणायचं. हा कागद काकूंचा नाही, तो आणा, म्हणायचं. बाईंच्या जिभेवर आलंही. पण समोर फायली उघड्या होत्या. पोरांनी ठरवून देखावा केला, हे उघडं पडलं असतं तर वर्षाचं प्रमाणपत्र धोक्यात आलं असतं, आणि सगळ्यात आधी मॉनिटरचं. आणि खरं सांगायचं तर, त्यांना तास हवा होता. तो पुढच्या वर्षी असला तर पुढच्या वर्षी दुसरी काकू येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मूग गिळून त्या गप्प बसल्या.

अध्यक्षबाईंनी रुमालाने डोळे टिपले. टाळ्या वाजल्या. दोघांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "काय भाषा आहे! आमच्या शाळांमधून असं लिहिणारी मुलं हवीत."

समिती खाली चहाला गेली आणि सगळा वर्ग बाईंच्या भोवती जमला. मॉनिटरचा चेहरा फुललेला. "बाई, एकदाही ठेच लागली नाही. कुणालाच नाही. आता कसा जातो तास ते बघू."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "छान वाचलंस," म्हणाल्या.

काकू जिन्यात थांबल्या होत्या. बाईंनी विचारलं, "काकू, तो कागद?"

"फाडला, बाई." काकूंचा आवाज खाली गेला. "मॉनिटर वाचायला बसली की दरवेळी तिथेच थांबायची. म्हणाली, काकू, हे मला जमतच नाही, यात काहीतरी चुकलंय, आणि तुमच्या एका कागदापायी बाईंचा तास जाईल. मग तिने बिचारीने बसून चांगलं लिहून दिलं. तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात, पण तुमच्यासाठीच केलं, बाई. रागावलात?"

"नाही हो," बाई म्हणाल्या.

म्हणजे पोरगी थांबली होती. कँटीनमध्ये, चहाच्या कपबश्यांच्या आवाजात, बाईंना जे वर्गात घडायला हवं होतं ते रोज घडत होतं, आणि तिथे त्याचा अर्थ सांगायला कुणी नव्हतं. बाई घरी गेल्या आणि दादाला म्हणाल्या, मला आज काही विचारू नकोस.

समितीचा निर्णय आला तो असा. अध्यापिकेने अतिशय स्पृहणीय काम केलं आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनात एकही दोष आढळला नाही. सबब या तासाचा हेतू सफल झाला असून पुढील वर्षापासून ती वेळ परीक्षेच्या सरावाला देण्यात यावी. आणि त्या दिवशी वाचलेले लेख ‘आदर्श लेखन’ म्हणून पुस्तिकेत छापून सगळ्या शाळांना पाठवावेत, मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून अध्यापिकेचं नाव द्यावं.

बाई प्राचार्यांकडे गेल्या. "ते लेख छापू नका. ते खोटे आहेत."

"खोटे म्हणजे? मुलांनी लिहिलेले नाहीत?"

बाई तिथे अडल्या. हो म्हटलं तर पोरं अडकतात. "माझं नाव तरी काढा," त्या म्हणाल्या.

"अहो, नाव मिळावं म्हणून लोक जिवाचं रान करतात. आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे बसला होतात, एक अक्षर बोलला नाहीत. आता मी काय सांगू त्यांना?" प्राचार्य खरंच गोंधळून गेले होते.

पुस्तिका छापली गेली. टोकाच्या खोलीतलं लांब टेबल हलवून पुन्हा बाकं मांडली. बाईंना इतर विषय दिले, ते त्यांनी शिकवले, पाट्या टाकल्यासारखे, आणि निवृत्त झाल्या. कुणी त्यांना आता ठेचबाई म्हणत नव्हतं, कारण ते नाव कशावरून पडलं हे माहीत असलेलं कुणी उरलंच नव्हतं. मॉनिटर दूर कुठेतरी मुख्याध्यापिका झाली. तिचं कधीतरी पत्र यायचं, सुरेख अक्षरात, ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाच्या प्रकाशात’ असं सुरू होणारं. बाई ते दादाला वाचून दाखवत नसत.

काकूंना घराजवळच्याच शाळेत नोकरी लागली होती. एकदा बाई त्या बाजूला दवाखान्यात दादाची औषधं आणायला गेल्या होत्या. परत येताना शाळेच्या भिंतीपलीकडून मुलांचा एकसुरी आवाज आला. ऐकू येऊ नये म्हणून त्या झपाझप चालायला लागल्या, पण ऐकू आलंच.

"परंतु नियतीच्या मनात काही वेगळंच होतं. त्या दुर्दैवी दिवशी क्रूर काळाने..."

आठ-नऊ वर्षांची मुलं असावीत. एकाही मुलाला बहुतेक शब्दांचा अर्थ माहीत नसणार. पण सगळी एका सुरात, एका दमात म्हणत होती. त्यातलं एकही अडखळत नव्हतं.

बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. मधली सुट्टी झाली तशा काकू बाहेर आल्या, आणि त्यांना बघून धावतच आल्या. केस पिकले होते, अंगाने भरल्या होत्या. बाईंचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमच्यामुळे मी इथे उभी आहे. बघा, माझाच लेख शिकवते मी. मुलांना सांगते, हा तुमच्या बाईंनी लिहिलाय. त्यांना खरंच वाटत नाही."

"तो तुमचा नाही, काकू." बाईंना हे बोलायला फार उशीर झाला होता, तरी त्या बोलल्या. "तुमचा तो वेगळा होता. मला पाठ आहे. तुम्ही लिहून घ्या, मी सांगते. निदान तुमच्या वर्गाला तरी तो शिकवा."

काकू हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या, मोठ्या माणसाचा मान ठेवावा तशा.

"त्या दिवशी त्यांना दुपारची पाळी होती," बाई म्हणाल्या. "निघताना म्हणाले, दुसऱ्या शर्टाचं बटण सैल झालंय, तेवढं लावून ठेव, उद्या लागेल. मी लावलं."

आणि बाई तिथेच अडखळल्या. फाटकाची सळई धरून त्या उभ्या राहिल्या, तोंड उघडं, शब्द येईना.

काकूंनी थोडी वाट बघितली. मग बाईंच्या दंडावर हलकेच थोपटून म्हणाल्या, "विसरलात ना पुढचं? असू द्या, बाई. वय झालं. मलाही आता ते आठवत नाही. त्यांचा विषय निघाला की हेच तोंडात येतं, छापलेलं. आणि हेच बरं आहे हो. हे म्हणताना घशात काही येत नाही."

घंटा झाली. काकू आत गेल्या. बाई औषधांची पिशवी घेऊन रस्त्याला लागल्या तेव्हा मागून काकूंचा आवाज आला, "पुन्हा म्हणा. पहिल्यापासून. सगळे एकदम."